आधी वडिलांशी बोल, मग बॅग भर

ख्रिस्तात प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचलं. नवापूर तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात वर्षभर सेवेला जायचं ठरलंय, पाचारणाबद्दल, म्हणजे देवानंच या कामाला बोलावलंय याबद्दल, शंका नाही, तरी रात्री झोप नाही आणि प्रार्थनेत मन लागत नाही. शेवटी विचारतेस, कोणती वचनं वाचू? सांगते. पण वडील महिनाभर धड बोललेले नाहीत हे तू एका ओळीत उरकलंस आणि वचनांबद्दल पानभर लिहिलंस. तुझी झोप त्या एका ओळीनं उडवलीय.

मत्तय ५:२३-२४ तुला पाठ आहे. दान वेदीपाशी ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा, मग येऊन ते अर्पायचं. तुझं दान म्हणजे हे वर्ष. ते तिथं ठेव आणि घराकडे वळ.

तरुण संघातलं कुणीतरी लगेच लूक ९:६२ ऐकवेल, नांगराला हात घातल्यावर मागे पाहायचं नाही म्हणून. त्याला १ राजे १९ वाचायला सांग. एलीया संदेष्ट्यानं आपल्या मागे बोलावण्याची खूण म्हणून अंगावर झगा टाकल्यावर, शेत नांगरणाऱ्या अलीशानं आईबापाचा निरोप घेऊ देण्याची विनंती केली. मग बैलांची जोडी कापली, औताच्याच लाकडांवर मांस शिजवलं, लोकांना वाढलं आणि निघाला. निरोप पुरा झाला आणि औतही जळलं, त्यामुळे परतायला निमित्तच उरलं नाही. लूकमधल्या ज्या माणसाला प्रभूनं ते सुनावलं, त्याला घरच्यांच्या निरोपाच्या नावाखाली रेंगाळायचं होतं. हा फरक न कळणारे लोक घरातून गुपचूप निघतात आणि वर्षभर मनानं घरातच राहतात. आणि देवाला वाहिलं म्हणून आईबापाचं देणं टाळणाऱ्यांना प्रभू मार्क ७ मध्ये काय बोलला, तेही वाच.

आपल्या मराठी मंडळीला हे वेगळं सांगावं लागू नये. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपर्यंत ती बातमी नंतर पोचली. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधली ताटातूट त्या माऊलीनं कशी सोसली हे त्यांनीच लिहून ठेवलंय. टिळकांच्या विश्वासाबद्दल मला अपार आदर आहे. तरी ती वर्षं वाचताना मला दरवेळी राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आता कामाचं. निघायला सहा आठवडे आहेत. त्यातले पहिले तीन माणसांना दे, सामानाला नको. शेवटच्या आठवड्यावर ढकललंस तर खरेदी, तिकीट, पाहुणे यांच्या गडबडीत सगळं 'बरं, जाऊ दे' वर मिटतं. ते मिटणं नव्हे. वहीत तीन रकाने कर: कुणाची क्षमा मागायची, कुणाला क्षमा करायची, कुणाचे आभार मानायचे. उसने पैसे असतील तर तेही पहिल्याच रकान्यात. पहिल्या रकान्यातल्या माणसांना प्रत्यक्ष भेट. व्हॉट्सअ‍ॅपवर माफी मागू नकोस. समोरच्याला फक्त अंगठा पाठवायची सोय होते. दुसऱ्या रकान्यातल्यांना मात्र 'मी तुम्हाला क्षमा केली' असं जाऊन सांगायचं नसतं. ते देवाजवळ उरक.

वडिलांशी बोलायचं ते सकाळच्या चहाच्या वेळी, दोघंच असताना. आईला मध्ये घालू नकोस. निरोप पोचवता पोचवता ती दोन्हीकडून भाजून निघते. हातात बायबल नको; त्यांना वाटेल, वचन दाखवून गप्प करायला आलीस. एकच वाक्य बोल: "पाळकसाहेबांना आधी सांगितलं आणि तुम्हाला नंतर, हे माझं चुकलं." पुढे 'पण' आला की माफी संपली, वाद सुरू. त्याच बैठकीत परवानगीही मागू नकोस, माफी मतलबाची वाटते. ते गप्प राहिले तर कप उचल आणि कामाला लाग. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बस, आणि या वेळी एक कागद दे: वसतिगृहाच्या वॉर्डनचा फोन, जवळचा दवाखाना, मानधन किती, सुट्टी कधी, नवापूर स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे आणि घरून तिथं यायला कोणती गाडी. बापाचा राग पुष्कळदा काळजीचा असतो, आणि काळजीला माहिती लागते. लग्नाचं विचारतील. चिडू नकोस, ऐक.

घरात तू जे करतेस तेही लिहून काढ. त्यांच्या बीपीच्या गोळ्या, लाइट बिल, गॅस, आईचं बँकेचं काम. प्रत्येकापुढे भावाचं किंवा शेजारच्या काकूंचं नाव, त्यांना विचारून. शेवटचे दोन आठवडे ती कामं त्यांनाच करू दे, तू फक्त बघ. कुठे अडतं ते तू असतानाच कळेल.

फोन आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी. रोज व्हिडिओ कॉल केलास तर आईचा दिवस त्या घंटीला बांधला जातो, आणि डोंगराकडच्या गावात गेलीस, रेंज नसली की घरी रडारड. हे नाक्यावर उभं राहून नको, घरीच ठरवून जा.

आता तुझी वचनं. उजाडण्यापूर्वीची वीस मिनिटं आजपासूनच एकटीनं बसायला शीक. तिथं सामुदायिक प्रार्थना भरपूर असते आणि स्वतःची केव्हा सुटली ते कळत नाही. रोज स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, मोठ्यानं. १३, ४२ आणि ८८ वर खूण कर. ८८ अंधारातच संपतं, शेवटी सुटका नाही, म्हणूनच ते हवं. घरची आठवण पहिल्या दिवसांत फारशी येत नाही. नवलाई ओसरली, ताप आला, पोरी आपसात त्यांच्या मावची बोलीत बोलून हसल्या आणि आपल्याला काही कळलं नाही, नाताळला करंज्यांचा वास आला, की येते. ती अविश्वासाची खूण नाही. त्या दिवशी ८८ वाच आणि पोरींना जेवायला वाढ. निघण्याच्या आठवड्यात मात्र मोठा उपास धरू नकोस. थकलेल्या शरीराला सगळं पाचारणच चुकलं असं वाटू लागतं.

मी हे एकच धरून बसते, असं आपल्या मंडळीत म्हणतात. म्हणू देत. निघणाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायला सगळे पुढे असतात. घरी जाऊन बापाशी बोललीस का, हे विचारायला कुणी नसतं. मी विचारणार.

पाठवणीच्या रविवारी वडील आले आणि मागच्या बाकावर बसले, तर त्यांना पुढे बोलावून घेऊ नका असं पाळकसाहेबांना आधी सांगून ठेव. आले नाहीत तर उपासनेनंतर थेट घरी जा, त्यांच्यासोबत जेव.

तिकीट काढलंस की कळव. वडिलांशी बोलण्याआधी काढू नकोस.

तुझ्या शब्बाथ शाळेच्या बाई