वाचकांचे प्रश्न : अमेरिकी सरहद्दीवरचे ओंडक्यांचे बुरूज

प्रश्न : अठराव्या शतकातल्या अमेरिकेतल्या ब्लॉकहाउसच्या (वस्तीच्या रक्षणासाठी बांधलेल्या, बंदुकीसाठी भोकं ठेवलेल्या दुमजली बुरुजाच्या) चित्रांत वरचा मजला खालच्यापेक्षा मोठा, चारी बाजूंनी बाहेर आलेला दिसतो. असं का?

उत्तर : भिंतीला चिकटलेल्या माणसावर वरून मारा करता यावा म्हणून. अगदी पायथ्याशी पोचलेला शत्रू आतल्या बंदूकवाल्याला दिसत नाही. तिथे तो सुक्या फांद्या रचून आग लावू शकतो. वरचा मजला पुढे काढून त्या भागाच्या तक्तपोशीत फट ठेवली, की हीच जागा बंदुकीच्या टप्प्यात येते. त्या सरहद्दीवर वाढलेले पाद्री जोसेफ डॉडरिज यांनी १८२४ मध्ये असे बुरूज असलेल्या तटबंद ठाण्यांचं वर्णन छापलं. त्यात वरचा मजला सुमारे १८ इंचांनी मोठा असल्याचं माप आहे. ब्लॉकहाउस ठाण्याच्या कोपऱ्यांवर असत आणि तटाच्या सुमारे दोन फूट पुढे येत. त्यामुळे तटाची बाहेरची बाजूही लांबवर माऱ्यात राही. जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भिंतीतली भोकं, आतून रुंद आणि बाहेरून अरुंद कापत: आतल्याला बंदूक डावी-उजवीकडे फिरवता येते आणि बाहेरच्याला नेम धरायला जेमतेम चीर दिसते.

प्रश्न : खिळ्याशिवाय हे उभं कसं राहायचं?

उत्तर : डॉडरिज स्पष्ट लिहितात की ही ठाणी लोखंडाच्या एकाही खिळ्याशिवाय बांधली जात, कारण खिळे मिळतच नव्हते. सगळी भिस्त कुऱ्हाड, वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि गिरमिटावर.

सरळ वाढलेलं झाड पाडायचं, सूत मारून रेघ उठवायची, रेघेपर्यंत थोड्या थोड्या अंतरावर आडवे घाव घालायचे आणि मधला भाग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तासून काढायचा. तासलेला ओंडका ओंडक्यावर सपाट बसतो, फट कमी राहते. कोपऱ्यावर डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखी पसरत जाणारी खाच. टोक बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत निमुळतं असल्याने ओंडका ओढून निघत नाही. वरचं वजन जितकं वाढेल तितका सांधा घट्ट होतो. या खाचेचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. तो आत झाला तर पावसाचं पाणी सांध्यात साचतं आणि कोपरा आधी कुजतो.

जिथे खुंटी लागते तिथे गिरमिटाने भोक पाडून वाळलेल्या कठीण लाकडाची खुंटी ठोकायची. ओला ओंडका वाळताना आवळतो आणि खुंटीला धरून बसतो. उलट केलं, म्हणजे ओली खुंटी वापरली, तर तीच आक्रसून ढिली पडते. भिंतीचंही तसंच: ओंडके जाडीत आक्रसतात, फटी उघडतात. त्यात लाकडाच्या चिपा ठोकून वरून चिखल लिंपायचा, आणि वाळल्यावर पुन्हा लिंपायचा. छपराच्या फळ्या करवतीने कापत नसत, लाकडाच्या रेषेवर फोडून काढत. फोडलेल्या फळीत रेषा सलग राहते, म्हणून पाणी कमी मुरतं. सर्वांत खालचा ओंडका दगडांवर उचलून ठेवायचा. तो मातीला टेकला, की सगळ्यात आधी तोच जातो, आणि तो बदलायचा म्हणजे वरची भिंत पेलून धरावी लागते.

प्रश्न : इतकी मजबूत असूनही ठाणी पडत कशी?

उत्तर : बंदुकीच्या गोळीला ही भिंत दाद देत नसे, तोफेला मात्र देई. जंगलातून तोफा आणायला रस्ते नव्हते, हेच तिचं खरं संरक्षण. जून १७८० मध्ये कॅप्टन हेन्री बर्ड ब्रिटिश सैनिक आणि आदिवासी योद्ध्यांसह केंटकीत तोफ घेऊन आले, तेव्हा रडल्स आणि मार्टिन्स ही दोन्ही ठाणी शरण गेली.

दुसरा कच्चा दुवा पाण्याचा. ऑगस्ट १७८२ मध्ये केंटकीतल्याच ब्रायन्स स्टेशन या ठाण्याला वेढा पडला तेव्हा झरा तटाबाहेर होता. दबा धरलेल्यांना संशय येऊ नये म्हणून बायका रोजच्यासारख्या जाऊन पाणी घेऊन आल्या, असं तिथे सांगितलं जातं. १७७८ मध्ये केंटकीतल्याच बून्सबरोच्या ठाण्याला शॉनी या आदिवासी जमातीने नदीकाठून भुयार खणायला घेतलं होतं, ते पावसाने ढासळलं.

शॉनींना चढाई करावी का लागली, हेही पाहायला हवं. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय या दुसऱ्या आदिवासी जमातींच्या संघाने ओहायो नदीच्या दक्षिणेची जमीन इंग्रजांना देऊन टाकली. तिथे शिकार करणाऱ्या शॉनींची त्याला संमती नव्हती. त्यांच्या लेखी प्रत्येक नवं ब्लॉकहाउस म्हणजे त्यांच्या रानात ठोकलेली पाचर होती. ही बाजू सोडून या इमारतींचं कौतुक करणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : मूळ इमारती आज पाहता येतात का?

उत्तर : मोजक्या. पिट्सबर्गमधलं फोर्ट पिटचं ब्लॉकहाउस १७६४ चं, ब्रिटिश सैन्यातल्या कर्नल हेन्री बुकेच्या काळातलं. ते पंचकोनी आणि विटांचं आहे, पण जंग्या आडव्या लाकडी तुळयांत कोरलेल्या आहेत. मेन राज्यातल्या फोर्ट केंटचं १८३९ चं, कॅनडाच्या सीमेवादातलं. तो वाद १८४२ मध्ये तहाने मिटला.

ओंडक्यांचं काम पाहायचं तर मेनमधल्याच विन्स्लोचं फोर्ट हॅलिफॅक्स गाठा. १७५४ च्या या ठाण्याचं उरलेलं ब्लॉकहाउस एप्रिल १९८७ च्या पुरात वाहून गेलं. नदीच्या खालच्या अंगाला सापडलेले जुने ओंडके परत आणून १९८८ मध्ये ते पुन्हा उभं केलं. तिथे कोपऱ्यांजवळ थांबून खाचा नीट न्याहाळा.