उन्हाळ्यात कुठे जायचं नाही, खर्चही करायचा नाही. तरी मजा येते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या, एक गॅलरी, आठ वर्षांची मुलगी. यंदा महाबळेश्वर-बिबळेश्वर जमणार नाही, तर कुंड्या लावून, साधं राहून उन्हाळ्याची सुरुवात मजेत जाईल का, की हे नुसतं मनाला समजावणं?

पहिलं वर्ष थोडं मनाला समजावणंच असतं. माझंही होतं. मी सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं. त्यातून सावरतोय तोवर 2020 चा पाडवा आला, 25 मार्च, आणि त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. पगार निम्म्यावर आला. अंगणात पुराने आणून टाकलेला गाळ पावसाळ्यापासून तसाच ढीग घालून ठेवलेला होता आणि आई सारखी त्याच्याकडे बघून म्हणायची, "कृष्णामाईनं दारात माती आणून दिलीय, तुम्हाला उचलायची होईना." बाग तिथून सुरू झाली. हौस वगैरे काही नव्हती.

आता आधीच एक गैरसमज काढून टाकतो. गॅलरीत भाजी लावून भाजीचे पैसे वाचत नाहीत. चार कुंड्यांत चार भेंडीची झाडं लावलीत तर दोन दिवसांआड मूठभर भेंडी मिळते. दोघातिघांची भाजी व्हायला आठवडाभर साठवावी लागते, तोवर पहिली जून होते. आणि दुकानातून रंगीत कुंड्या, कोकोपीट, पिशवीतलं खत, छोटी फावडी असा संच आणलात तर त्या भेंडीचा भाव काढूच नका. पैसे वाचतात ते चिमूटभर लागणाऱ्या गोष्टींत. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याचं पान, मिरची. दहा रुपयांची जुडी आणायची, दोन रुपयांची वापरायची आणि उरलेली फ्रिजमध्ये काळी पडायची, हे थांबतं. कोथिंबिरीचा मात्र नाद सोडा. उन्हाळ्यात ती महागते आणि नेमकी तेव्हाच घरी धड येत नाही. चार पानं फुटली की तुरे काढून मोकळी होते. पालकाचं तेच. त्याऐवजी लाल माठ टाका, ऊन त्याला मानवतं आणि महिन्याभरात कापायला येतो. मेथी दाट पेरून बोटभर झाली की उपटायची. पिशवीतले मेथीदाणे चालतात, बियाण्याचं पाकीट लागत नाही.

गॅलरी कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. ते आधी बघा. लोक हिवाळ्यात बघतात की उत्तरेच्या गॅलरीत ऊनच येत नाही, आणि तिथे चपलांचं कपाट ठेवून मोकळे होतात. पण 21 मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला सरकत उगवतो. त्या गॅलरीत सकाळी तिरपं ऊन शिरायला लागतं, संध्याकाळीही येतं. पुण्यात 13 मेच्या आसपास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारीसुद्धा उत्तरेलाच झुकलेला असतो. उलट दक्षिणेची गॅलरी, जी डिसेंबरात भाजून निघते, ती या दिवसांत वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते. मुलीला एक खडू द्या. दर रविवारी सकाळी आठला उन्हाची कड कुठवर आली तिथे रेघ मारायला सांगा. आमच्या पुतणीने 2020 ला मारलेल्या रेघा अजून सज्जावर आहेत. मी पुसू दिल्या नाहीत.

पाणी आणि माती. दाभोळकरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचं कसं भागेल याचं गणित मांडलं. आमच्या तासगावकडच्या द्राक्षवाल्यांतले जुने लोक अजून त्यांचं नाव आदराने काढतात. त्यांच्या विचाराचा गाभा माझ्या अडाणी शब्दांत सांगायचा तर, ऊन फुकट पडतंय, ते किती पानांनी पकडलं यावर सगळं आहे. आणि जमिनीतून आलेला काडीकचरा जमिनीलाच परत द्यायचा. दहा गुंठे तुमच्याकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत. पण काडीकचरा आहे. उन्हाळ्यात कुंडीची माती उघडी ठेवणं म्हणजे दुधाचं पातेलं उघडं ठेवून मांजराची वाट बघणं. वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, काहीही दोन बोटं जाडीचं पसरा. दिवसातून दोनदा लागणारं पाणी एकदाच लागतं.

सगळ्यात चांगलं म्हणजे उसाची चिपाडं. रसवंतीवाला ती फुकट देतो, वर आभार मानतो. पण मी केलं ते करू नका. पहिल्या वर्षी ताजी चिपाडं आणून थेट कुंड्यांत पसरली. दुसऱ्या दिवशी मुंगळ्यांची रांग कुंडीतून खिडकीत, खिडकीतून फडताळात आणि फडताळातून साखरेच्या डब्यात. आईने डबा माझ्यापुढे आणून आपटला. "अक्षता कुणी दिल्या ह्यांना?" चिपाडं गच्चीवर तीन-चार दिवस कडकडीत वाळवायची, तोवर मुंग्या आपलं उरकून घेतात, मग वापरायची.

दुसरी चूक दुधीच्या वेलावर केली. दुपारी एकला पानं माना टाकायची, मी धावत जाऊन तांब्याभर पाणी ओतायचो. आठ दिवसांत मुळं कुजून वेल खलास. भर उन्हात मोठ्या पानांचे वेल मान टाकतातच, संध्याकाळी आपोआप उठतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. आत ओल असेल तर पाणी द्यायचं नाही. आणि पाणी सकाळी सातच्या आत द्यायचं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं चालतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया म्हणून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र रोज देऊ नका, त्यात क्षार जास्त असतात. काही दिवसांनी मातीवर पांढरी पापडी धरते. ते फरशीला आणि संडासाला ठेवा.

एखादी मोठी कुंडी किंवा फुटकं टब असेल तर मधोमध एक छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरा, त्यात पाणी भरा, वर करवंटी झाका. मडकं झिरपत राहतं, मुळं त्याच्याकडे वळतात. दोन दिवस गावाला गेलात तरी चिंता नाही. मी काटकसर म्हणून घरातला जुना माठ पुरला होता, जो पाणी गार करेनासा झाला म्हणून आईने काढून टाकला होता. आठवडा झाला तरी पाणी जागचं हलेना. नंतर डोक्यात प्रकाश पडला: माठाची छिद्रं बुजली म्हणूनच तर तो गार करत नव्हता! जो झिरपत नाही तो गारही करत नाही आणि झाडालाही पाजत नाही. नवं मडकं घ्या, तेवढा खर्च करा.

फुलांत एकच सांगतो, मोगरा. पाच-सहा तास ऊन मिळत असेल तरच आणा. पहिला बहर संपला की शेंडे दोन-तीन बोटं छाटा, शेणखत द्या, पुन्हा कळ्या धरतात. पावसाळ्यापर्यंत असे दोन-तीन बहर सहज मिळतात. आमच्याकडे संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडून वाटीत ठेवतात, रात्री जेवताना त्या उमलतात. दोन फुलं माठात टाकायची. घरचा मोगरा असला तर औषध मारलेलं नाही याची खात्री असते; विकतची फुलं पाण्यात टाकू नका. मोगरा नसेल तर वाळा घ्या, पण दोन जुड्या घ्या. एक माठात, एक उन्हात, रोज अदलाबदल. एकच जुडी सतत पाण्यात राहिली की बुळबुळीत होते आणि पाण्याला वास मारतो.

खरी मजा मात्र वाळवणात आहे. उन्हाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. तुम्हाला कुरडया घाला असं सांगणार नाही; गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक गाळा, हाटा, त्याला दोन बायकांचा दंड आणि एक ओरडणारी आजी लागते. (चीक मात्र कुणाच्या घरी होत असेल तर मुलीला घेऊन वाटी पुढे करा. गरम चीक, साखर, दूध.) दोन खोल्यांत होण्यासारखं सांगतो. द्राक्षांचा हंगाम सरत आला की हातगाडीवर घडातून सुटलेले मणी स्वस्तात मिळतात. धुऊन, उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून काढा, सालीला बारीक चरे गेले की बस्स. जुन्या सुती साडीवर पसरून कडक उन्हात वाळवा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा पडतो. बाजारासारखा हिरवा दिसणार नाही. तो हिरवेपणा द्रावणात बुडवून, शेडमध्ये सावलीत सुकवल्याने येतो. आपला तांबूस होतो आणि चवीला मला तोच आवडतो. सध्या एवढं करा, बाकीचं मे महिन्यावर सोडा: वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या बाजारात ढिगाने येतात, त्यांच्या फोडी मीठ लावून वाळवल्या की वर्षभराची आंबोशी झाली. जाड मिरच्यांना चीर देऊन मेथी, धणे-जिरे, हिंग, मीठ भरा, दह्यात बुडवून वाळवा, सांडगी मिरची. पावसाळ्यात दहीभाताबरोबर एक तळली की भाजी लागत नाही. कावळे हाकलायचं काम मुलीचं. मजुरी ठरवून द्या, फुकट राबवू नका. आमची पुतणी तासाला पाच बेदाणे घ्यायची आणि दहा खायची.

पन्ह्यासाठी वेगळा गॅस जाळायचा नाही, वरणभाताच्या कुकरमध्येच वरच्या भांड्यात कैरी ठेवायची. चैत्रात एकदा आंबेडाळ करून शेजारच्या दोन घरांना बोलवा. अर्धा किलो हरभरा डाळीत दहा माणसं तृप्त होतात, आणि मुलांना घरात माणसं आल्याचा आनंद हॉटेलापेक्षा जास्त असतो. हे मी अनुभवाने म्हणतोय, उपदेश म्हणून नाही. मोठी झाल्यावर तुमच्या मुलीचं मत बदलेल कदाचित.

घर गार ठेवायचं म्हणाल तर आपल्या घाटावरच्या कोरड्या हवेत रात्री पारा चांगला उतरतो, त्याचा फायदा घ्या. सकाळी नऊला खिडक्या-पडदे बंद, सूर्य मावळला की सताड उघडे. दुपारी ओला पंचा खिडकीला टांगला तरी फरक पडतो. तुमचे कोकणातले पाहुणे हसतील, कारण त्यांच्या दमट हवेत ओला पंचा ओलाच राहतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर घरमालकाला विचारून गच्चीला चुना मारा. आमच्याकडे दुपारी पंख्याची हवा गरम लागायची ती चुन्यानंतर लागेना. सोसायटीची गच्ची रात्री उघडी मिळत असेल तर संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवा आणि नऊनंतर सतरंजी घेऊन वर जा. लगेच गेलात तर खालून वाफा येतात.

राहता राहिलं फिरायला न जाण्याचं. वाईट वाटतं, विशेषतः मित्रांचे धुक्यातले फोटो येतात तेव्हा. मला पाच वर्षांनंतरही वाटतं. गेल्या वर्षी आमच्याकडे चार दिवस जायचे पैसे होते, तरी बायको म्हणाली एप्रिलमध्ये नको, मोगऱ्याला पाणी कोण घालणार आणि मिरच्या वाळायच्यात. आम्ही नोव्हेंबरात गेलो. गर्दी नव्हती, खोलीही स्वस्त पडली.

या रविवारी एवढंच करा: गॅलरी रिकामी करा, खडूची पहिली रेघ मारा आणि येताना रसवंतीवाल्याकडून एक पोतं चिपाडं आणा. वाळवून मगच वापरा.