वारस हवा की बिनपगारी व्यवस्थापक?

प्रश्न : गावाकडे आमची डेलिलीची, म्हणजे लिलीसारखी फुलं येणाऱ्या शोभेच्या झाडांची, बाग आणि नर्सरी आहे, माझ्या वडिलांनी सुरू केलेली. मुलगी यंदा बारावी झाली, 71 टक्के मिळाले. तिला संख्याशास्त्र घ्यायचं आहे. मला वाटतं, तिनं उद्यानविद्येची पदवी घ्यावी, नर्सरी सांभाळावी, नव्या जाती काढाव्यात. एक जात गाजली तरी घर वर येईल. गेल्या हंगामात पानांवरच्या तांबेरा रोगामुळे विक्री थांबवावी लागली, म्हणजे शिकलेलं माणूस हवंच. नोंदवही सध्या तिची आई बघते. मुलगी ऐकत नाही. तिला कसं समजवावं?

उत्तर : मुलीला समजवायचं काम मी करणार नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या पत्रात वडिलांची बाग आहे, तांबेरा आहे, घर वर येण्याची आशा आहे. मुलीच्या वाट्याला मात्र ‘ऐकत नाही’ एवढंच आलंय. तिला संख्याशास्त्रच का हवंय, हे विचारलंत का कधी? 71 टक्क्यांची मला काळजी नाही. तिला पगार किती, कुठली रोपं घ्यायची हे कोण ठरवणार, पुढे नर्सरी कुणाच्या नावावर होणार, यातलं काहीच तुम्ही ठरवलेलं नाही; तिनं मात्र आयुष्य आजच ठरवून टाकायचं. याला करिअर म्हणत नाहीत. ही बिनपगारी नोकरी झाली, आणि उद्या सोडली तर आजोबांची बाग बुडवल्याचा ठपका वर.

उद्यानविद्येची प्रवेश परीक्षा आणि चार वर्षांची पदवी हा रस्ता चांगलाच आहे, पण ज्याला जायचंय त्याच्यासाठी.

‘एक जात गाजली की झालं’ हा हिशेब मात्र डोक्यातून काढा. डेलिलीचं फूल एका दिवसाचं, त्यामुळे क्रॉस, म्हणजे दोन जातींचा संकर, करायचा तो शक्यतो सकाळीच. बोंड पिकायला दीड-दोन महिने. त्यातल्या काळ्या बियांतून येणारं प्रत्येक रोप वेगळं, आणि त्याचं पहिलं फूल बघायला साधारण दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. बहुतेक रोपं आईबापांपेक्षा डावी निघतात, ती थेट खताच्या खड्ड्यात. एखादं बरं वाटलं तर आणखी काही हंगाम त्याच्या कळ्या मोजायच्या, फुटवे बघायचे. पुढे विकायचं तर बी चालत नाही. सहसा बेट, म्हणजे एकत्र वाढलेल्या फुटव्यांचा झुबका, फोडून रोपं वाढवावी लागतात, म्हणजे पुन्हा काही वर्षं. नोंदणी झालेल्या जाती आज लाखाच्या घरात आहेत. ‘स्टेला डी ओरो’ 1975 मध्ये नोंदली गेली आणि डेलिलीतलं मानाचं स्टाऊट पदक तिला 1985 मध्ये मिळालं. जगभर गाजलेल्या जातीची ही कथा. ज्याला ही वाट बघण्यातच मजा वाटते त्यानं ती जरूर बघावी, पण घर वर आणण्याची जबाबदारी अठरा वर्षांच्या मुलीनं न लावलेल्या बियांवर कशी टाकता?

तांबेऱ्याला पदवी लागत नाही. नवी रोपं आणली की थेट वाफ्यात लावायची नाहीत, काही आठवडे बाजूला ठेवायची. पान उलटून बोट फिरवायचं. नारिंगी पूड बोटाला लागली तर रोप आत येऊ द्यायचं नाही. ही शिस्त लागते. गेल्या हंगामात ती कुणी पाळली नाही, हे घरातच विचारून बघा.

आता तुमच्या पत्रात एका वाक्यात येऊन गेलेल्या बाईंबद्दल, म्हणजे नोंदवही बघणाऱ्या मुलीच्या आईबद्दल. बहर संपला की डेलिलीच्या सगळ्या जातींची पानं जवळपास सारखी दिसतात. लेबल हरवलं की ते झाड निनावी, आणि निनावी झाड भावात मार खातं. कुठल्या वाफ्यात काय आहे, कुठलं बेट कधी फोडलं, हे त्या वहीत आहे, म्हणजे तुमची नर्सरी त्या वहीत आहे. ती वही चालवणाऱ्या व्यक्तीला नर्सरी चालवायला आवडेल का, हे विचारायचं तुम्हाला सुचलंसुद्धा नाही! त्या हो म्हणाल्या तर खरेदी आणि पैशाचे निर्णय त्यांच्या हाती द्या, खोदकामाला पगारी माणूस ठेवा. नको म्हणाल्या तर बाग लहान करा. विकली तरी आभाळ कोसळणार नाही.

आणि संख्याशास्त्र नर्सरीला कसं उपयोगी पडेल, हे आता शोधत बसू नका. तिच्या प्रवेश अर्जाची मुदत कधी संपते ते बघा आणि पालक म्हणून जी सही लागते ती करून द्या.