लाइफ-कोर्स क्रिमिनॉलॉजीत (आयुष्यभरात माणसाचे गुन्हे कधी सुरू होतात, वाढतात, थांबतात याचा अभ्यास) नवीन आहात? आधी एवढं बघा
संशोधनाच्या नवीन दिशा वगैरे नंतर, आधी वय आणि गुन्ह्यांचा कर्व्ह (कोणत्या वयात किती गुन्हे होतात त्याचा आलेख) नीट समजून घ्या. किशोरवयाच्या शेवटापर्यंत तो चढतो मग उतरतो, पण ती सरासरी आहे, एकेका माणसाचा प्रवास त्यावरून कळत नाही. मग मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांची 1993 ची मांडणी (काही जण फक्त किशोरवयात गुन्हे करतात, थोडे आयुष्यभर) वाचा आणि लगेच तिच्यावरची टीकाही.

नेहमीच्या चुका:
- गुन्ह्यांच्या प्रवासावरून माणसांचे गट पाडणाऱ्या संख्याशास्त्रीय मॉडेलने चार गट दिले की खरंच चार प्रकारची माणसं असतात असं धरणं. अहो, ते गट अंदाजे असतात!
- नोकरी लागली म्हणून गुन्हे सुटले असं ठोकून देणं, कधीकधी आधी गुन्हे सुटतात आणि मग नोकरी लागते.
- लंडनच्या 411 जणांचा लहानपणापासून वर्षानुवर्षं केलेला प्रसिद्ध अभ्यास सगळ्या जगाला लावणं. सगळे मुलगेच, तेही 1953 च्या आसपास जन्मलेले. जन्मसाल बदललं की चित्र किती बदलतं, सध्याचं सगळ्यात इंटरेस्टिंग काम (माझ्या मते) त्यावरच चाललंय.

अशी मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर आत्ता नकोच.