ब्ल्यू कार्डवर जर्मनीला येताय? जर्मन भाषेचं बी-वन पुढे ढकलू नका

तुम्ही विचारलंय की ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या युरोपीय संघाच्या नोकरी-परवान्यावर, जर्मनीत नोकरी मिळालीय, ऑफिसचं काम इंग्रजीत आहे, पत्नीही सोबत येणार, तर जर्मन शिकायलाच हवं का? व्हिसासाठी नको. ब्ल्यू कार्डवाल्याच्या जोडीदाराकडेही व्हिसाच्या वेळी ए-वनचं, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीचं, सर्टिफिकेट मागत नाहीत. त्यामुळेच माणूस निवांत राहतो. मीही तीन वर्षं तशीच घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, किती लवकर मिळेल ते भाषेवर ठरतं. ब्ल्यू कार्डवर ए-वन असेल तर 27 महिन्यांनी अर्ज करता येतो, बी-वन, म्हणजे मधली पातळी, असेल तर 21 महिन्यांनी. तेवढ्या महिन्यांचे पेन्शनचे हप्तेही भरलेले लागतात. पत्नीला मात्र स्वतःच्या पीआरसाठी साधारणपणे बी-वनच लागतं. म्हणजे तुम्ही ए-वनवर निभावून न्याल आणि ती मागे राहील. माझ्या ओळखीच्या दोन घरांत हेच झालंय. घर लावण्यात आणि मुलांच्या मागे वर्षं गेली, तिचा कोर्स राहूनच गेला. तिचं नाव पहिल्याच महिन्यात कोर्सला घाला.

सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारण 600 तास भाषेचे असतात आणि 100 तास इथला कायदा, इतिहास, समाज यांचे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांना वेगळी लिपी येते त्यांच्यासाठी वेगळे वर्ग आहेत. आमच्या शेजारच्या वर्गात एक इथिओपियन बाई होत्या. अम्हारिक भराभर लिहायच्या, पण रोमन b आणि d मध्ये अडायच्या. त्यांना कुणी निरक्षर म्हटलं की मला फार वाईट वाटायचं.

आता बी-वन. मी गटे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्थेची परीक्षा दिली. त्यात वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात 100 पैकी 60 गुण लागतात. बोलण्यात मी सहज निघाले, लेखनात राहिले. एका तासात तीन मजकूर लिहायचे असतात. मित्राला 80 शब्दांचा मेल, एखाद्या विषयावर 80 शब्दांत मत आणि 40 शब्दांचा औपचारिक मेल. हा शेवटचाच मला नडला. ठरलेल्या वेळी येता येणार नाही, एवढंच शिक्षिकेला कळवायचं होतं. पण आदरार्थी ‘झी’ने (आपण) सुरुवात करून मध्येच मी ‘डू’वर (तू) घसरले, शिवाय जर्मनमध्ये करतात तशी नामांची पहिली अक्षरं कॅपिटल करायची राहिली. भाग सुटे देता येतात, म्हणून पुढच्या वेळी फक्त लेखन दिलं. तेव्हा पहिल्या दिवसापासून हाताने लिहा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या. नुसतं ॲपवर बोट फिरवून लिहिणं येत नाही.

नागरिकत्वासाठी जून 2024 पासून पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं. बी-वन तिथेही लागतंच, वर 33 प्रश्नांची चाचणी असते, 17 बरोबर आले की पास. ते ज्या 310 प्रश्नांतून येतात ते सगळे आधीच जाहीर असतात, त्याची धास्ती घेऊ नका. तीन वर्षांत नागरिकत्वाची सोय 2025 मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व देते, पण भारत मान्य करत नाही. भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घ्यायचं की पीआरवरच राहायचं, हे दोघांनी सावकाश बोलून ठरवा. बी-वन मात्र दोन्हीकडे उपयोगी पडेल.