माळ पडीक की जिवंत?

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानावर सौर प्रकल्प येणार असून, विरोध केला तर आम्ही विजेच्या आड येतो असे ऐकवले जाते. काय करावे?
– एक वाचक, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : वीज हवीच, परळीच्या औष्णिक केंद्राची राख पाहिलेल्या जिल्ह्याला सौरऊर्जेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अडचण ‘पडीक’ या शब्दात आहे. सरकारी वर्गीकरणात माळरान बहुधा पडीक ठरते. मात्र पावसाळ्यानंतर त्याच माळावर मारवेल आणि कुसळी वाढते, शेळ्यामेंढ्या चरतात, चंडोल जमिनीवरच घरटे करतो आणि गवताची मुळे मुरमावरची वीतभर माती धरून ठेवतात. ती माती एकदा यंत्राने खरवडली की गवत सहजासहजी परतत नाही.

सौर प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही आणि तिच्यासोबतची जनसुनावणीही होत नाही, त्यामुळे आक्षेपाची जागा ग्रामसभेतच तयार करावी लागते. जैवविविधता कायदा, 2002 नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातील जैवविविधतेची नोंद ठेवणाऱ्या तिच्या लोकनोंदवहीत हा माळ, चराईच्या वाटा आणि पाणवठे आधी नोंदवून घ्यावेत. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात (2011) कडक भूमिका घेतली होती, तिचाही आधार निवेदनात घेता येईल. निवेदनात नुसता नकार नको. शाळा-पंचायतींची छपरे, कॅनॉलवरची जागा, खरोखर नापीक खडकाळ पट्टा असे पर्याय गट क्रमांकांसह सुचवावेत आणि तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा जोडावा, कारण तोंडी तक्रारीला फाईलमध्ये जागा नसते.