२००८ ची ई-क्लास साडेचार लाखांत: घेण्याआधी हे बघा

तुम्ही बेळगावजवळच्या खानापूरहून विचारलंय की कोल्हापुरात २००८ ची मर्सिडीज ई २८० सीडीआय साडेचार लाखांत मिळतेय, १ लाख ४० हजार किलोमीटर पळालीय, घ्यावी का आणि वर खर्च किती येईल. माझ्याकडे हीच गाडी सात वर्षं आहे, त्यामुळे सांगतोय ते ऐकीव नाही. घ्या, पण दीड-दोन लाख बाजूला ठेवून. सगळी पुंजी गाडीच्या किमतीतच जाणार असेल तर आत्ता थांबा.

आधी इंजिनचं तेल. यात तीन लिटरचं व्ही-सिक्स, म्हणजे दोन तिरक्या रांगांत सहा सिलिंडर असलेलं डिझेल इंजिन आहे, नाव ओएम ६४२. त्याचा ऑइल कूलर, म्हणजे तेल थंड करणारा भाग, सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खळग्यात, टर्बो आणि हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवलेला असतो. तिथल्या उष्णतेने त्याचे सील कडक होतात आणि गळायला लागतात. तेल खळग्यात साचतं, मागून उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचा, मागचा सील गेला. माझं नेमकं असंच झालं. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून तो सील बदलला, २२ हजार घेतले, आणि आठ दिवसांत फरशीवर पुन्हा डाग. दुसऱ्या मेस्त्रीने टॉर्च घेऊन वरून बघितलं तर खळग्यात तेलाचं तळं. सील स्वस्त असतात, पण तिथं पोचायला वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. मला ३८ हजार लागले. मूळचे सील नारिंगी होते, नंतर आलेले सुधारित जांभळे. जांभळेच मागा. आणि पसारा उतरलेलाच असतो, तेव्हा टर्बोच्या तोंडाचा सीलही त्याच दिवशी बदलून घ्या. तो गळला की तेल खालच्या इनटेक फ्लॅपच्या, म्हणजे आत जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या झडपांच्या, मोटरवर पडतं, ती बिघडते आणि गाडी एकदम ओढ सोडते. थोडक्या पैशांच्या सीलपायी मोठ्या मोटरचा खर्च उभा राहतो. मालकाला सरळ विचारा, ऑइल कूलरचं काम झालंय का? झालं असेल तर बिल बघा.

२००८ ची असल्यामुळे एक मोठी काळजी मात्र वाचली. या मॉडेलच्या २००६ पर्यंतच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक एसबीसी ब्रेक होते. त्या ब्रेकचा पंप ब्रेक किती वेळा दाबला ते मोजत राहतो आणि ठराविक मोजणी झाली की बदलायचा इशारा देतो. २००४-०५ ची कुणी लाखभर स्वस्त देत असेल तरी मोहात पडू नका.

सात गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये आतल्या इलेक्ट्रॉनिक प्लेटचे सेन्सर जातात. मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकते किंवा धक्के देते. जुन्या गाडीची प्लेट आणून बसवली तर ती तुमच्या गाडीशी जुळवून घ्यावी लागते, नुसती लावून चालत नाही. ४०-५० हजार धरा. तेल-फिल्टर वेळेवर बदललेत का तेही बघा.

एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, असेल तर जास्त जपा. पिशवीला बारीक गळती असली की गाडी रात्रीत एका कोपऱ्यावर बसते, आणि ती उचलायला हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. गळती दिसली की लगेच कामाला लावा, नाहीतर एका बिलाची दोन होतात. बाहेरच्या कंपनीचा पुढचा एक स्ट्रटसुद्धा (पिशवीसकटचा शॉकअब्सॉर्बर) ५० हजारांच्या घरात जातो. साधं स्प्रिंगचं असेल तर आपल्या रस्त्यांना तेच बरं.

चाकाला गाडीशी जोडणाऱ्या कंट्रोल आर्मचे रबरी बुश बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटाचा रस्ता लवकर खातो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काहीही करून मिळतं, तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण या गाडीच्या रबरी बुशला लोखंडी किंवा नायलॉनचा पर्याय करून घेऊ नका, सगळा हादरा सबफ्रेमवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, जातो. खानापूरच्या पावसात काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा दर पंधरवड्याला काढा. पाणी साचून ब्लोअरपर्यंत जातं. बॅटरी डिकीत फरशीखाली आहे, तिथलं कार्पेट उचलून ओल बघा.

आता कागद. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची गाडी खानापुरात कायम ठेवायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून बारा महिन्यांच्या आत केए २२, म्हणजे बेळगावचा नंबर, करावी लागते. कर्नाटकाचा कर गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर लागतो, तुमच्या साडेचार लाखांवर नाही. सीमेवर कितीतरी लोक हे विसरून सौदा करतात आणि मग नाक्यावर अडकतात. १५ वर्षं उलटलीत, म्हणून आरसीचं (नोंदणीच्या कागदाचं) नूतनीकरण झालंय का तेही आधी बघा. कराचा आकडा बेळगावच्या आरटीओतून काढून मगच बयाणा द्या.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी चारही चाकांवर हात ठेवून मडगार्डची उंची बघा, मग बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गाडी आधीच सुरू केली होती, मग रात्रीत बसलेला कोपरा कळत नाही; दुसऱ्या दिवशी परत जा.